टॉवेलच्या ऑर्डरमधून आंतरराष्ट्रीय संशोधनाकडे: सोलापूरच्या एका माहिती-प्रणाली प्राध्यापिकेचे प्रकरण

हे प्रकरण अध्यापनासाठी रचले आहे. त्यातल्या प्राध्यापिका, त्यांचे मार्गदर्शक, कारखाना आणि कारखान्याचे आकडे काल्पनिक आहेत. नियम, नियतकालिके, परिषदा आणि संशोधनाचे दाखले मात्र खरे आहेत. ज्यांना सोलापूरसारख्या शहरात राहून आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन आणि माहिती-प्रणाली या विषयांत कारकीर्द उभी करायची आहे, त्यांच्यासाठी ते लिहिले आहे.

परिस्थिती

जुलै २०२५. सोलापुरातल्या एका विनाअनुदानित व्यवस्थापन महाविद्यालयात माहिती-प्रणाली शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापिका. वय ३४, एमसीए, त्यावर सिस्टिम्समध्ये एमबीए, नेट उत्तीर्ण. पीएच.डी.ची नोंदणी जानेवारी २०२३ मध्ये झाली आणि कोर्सवर्क संपले आहे. प्रबंधाचा विषय आहे, सोलापूर शहरातील टॉवेल उत्पादकांकडून ईआरपी प्रणालीचा (उत्पादन, साठा, हिशेब एकत्र ठेवणाऱ्या संगणक-प्रणालीचा) स्वीकार. आठवड्याला सोळा तास वर्गावर जातात, वर नॅकच्या फाइली, प्रवेशाची धावपळ, परीक्षा. नावावर दोन शोधनिबंध आहेत. दोन्ही पैसे भरून छापलेले, आणि दोन्हींचा दाखला आजवर कुणी दिलेला नाही.

मॅडमना नुसती पदवी नको आहे. या विषयाच्या जगात आपले नाव ओळखले जावे, परदेशी विद्यापीठातल्या माणसाने आपला लेख वाचून त्यावर वाद घालावा, ही त्यांची इच्छा आहे. ती योग्य आहे आणि सोलापुरात राहून साधण्याजोगीही आहे. मात्र पुढच्या तीन वर्षांत काय करायचे, यावर त्यांचे नि मार्गदर्शकांचे एकमत नाही.

मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे: प्रश्नावली तयार आहे, ३०० उत्तरदाते गोळा करा, सॉफ्टवेअरवर गणित मांडा, वर्षभरात प्रबंध जमा होईल, मोठी स्वप्ने पदवीनंतर. सरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे अर्धवट राहिलेल्या प्रबंधांची उदाहरणे आहेत, आणि संसार, नोकरी, संशोधन अशा तिहेरी ओढीत वेळ कसा निसटतो हे त्यांनी पाहिले आहे. अडचण वेगळीच आहे. त्या प्रश्नावलीची पूर्वचाचणी फसली होती, आणि ती का फसली याकडे कुणी नीट पाहिले नव्हते.

पूर्वचाचणीत काय झाले

१४ कारखान्यांत ६२ फॉर्म वाटले. पाच टप्प्यांची मोजपट्टी: पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा विश्वासार्हतेचा आकडा, क्रोनबॅक अल्फा, ०.९७ आला. किमान ०.७० लागतो, म्हणून सगळे खूश झाले. पण ०.९५ च्या वरचा अल्फा पाहिला की थांबायला हवे. एक तर सगळे प्रश्न एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत असतात, नाही तर उत्तरदात्याने न वाचता एकाच रांगेत खुणा केलेल्या असतात.

इथे दुसरी गोष्ट घडली होती. उलट्या अर्थाच्या एका विधानाने ती उघडकीस आणली. ‘या प्रणालीमुळे माझे काम कमी होते’ याला ४, आणि ‘या प्रणालीमुळे माझे काम वाढते’ यालाही ४. फॉर्म काढून पाहिले तर कित्येक कारखान्यांत चार-पाच फॉर्मवर एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या खुणा. मालकाने फॉर्म ऑफिसातल्या कारकुनाकडे दिले आणि त्याने दुपारच्या फुरसतीत सगळे भरून टाकले. माग सांभाळणारे जॉबर, मुकादम, शिलाईतल्या बायका यांच्यापर्यंत कागद गेलाच नव्हता.

समजा फॉर्म योग्य हातांत पोचले असते, तरी दोन दोष उरतातच. पहिला: कारणही त्याच माणसाला, त्याच दिवशी, त्याच कागदावर विचारायचे आणि परिणामही. मग दोहोंतला संबंध पद्धतीमुळेच फुगतो. आंतरराष्ट्रीय परीक्षक पहिल्याच फेरीत यावर बोट ठेवतात. दुसरा दोष भाषेचा. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि अक्कलकोटकडच्या माणसाशी कन्नड अशी रीत आहे. प्रश्नावली तिन्ही भाषांत न्यायची तर एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणायचे आणि फरक मिटवायचे. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही परीक्षक मागतात. त्यानंतरही तिन्ही गटांत मोजपट्टी सारखीच मोजते आहे हे संख्याशास्त्राने दाखवावे लागते. त्यासाठी प्रत्येक भाषेत शंभरेक तरी खरे उत्तरदाते हवेत. सोलापुरात ईआरपी वापरणारे, तेही फॉर्म स्वतः भरणारे, एवढे लोक मिळवणे फार अवघड आहे.

आणि हे सगळे जमले तरी हाती काय लागते? फ्रेड डेव्हिस यांचे तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रतिमान १९८९ चे. वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आठ प्रतिमाने एकत्र करून त्याची मोठी आवृत्ती काढली. त्यानंतर जगभर त्याच चौकटीत इतके अभ्यास झाले की २००७ मध्ये बेन्बासाट आणि बार्की यांनी या परंपरेने विषयाचे लक्ष दुसरीकडे वळवल्याची उघड टीका केली. ‘उपयुक्त वाटते म्हणून वापरतात’ हा निष्कर्ष सोलापूरच्या नावाने पुन्हा एकदा काढल्यास पदवी मिळेल, पण कुणी वाद घालायला येणार नाही.

कारखान्यात खरे काय चालते

पूर्वचाचणीच्या वेळी एका निर्यातदार कारखान्यात मॅडम फॉर्म परत घ्यायला थांबल्या होत्या. त्या अर्ध्या दिवसात त्यांनी वहीत टिपलेला हिशेब पुढे सगळ्या प्रकरणाचा गाभा ठरला. म्हणून तो सविस्तर मांडतो.

ऑर्डर: ७० × १४० सेंमी आकाराचे, ५०० जीएसएमचे (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) पांढरे बाथ टॉवेल, २४,००० नग. एका टॉवेलचे क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर, म्हणून वजन ४९० ग्रॅम. डझनाचे ५.८८ किलो. पूर्ण ऑर्डरचा तयार माल ११,७६० किलो. ४८ नगांचे एक कार्टन, म्हणजे ५०० कार्टन.

विणाई खाते किलोत लिहिते. मागावरून उतरलेला ग्रे, म्हणजे अजून न धुतलेला, माल काट्यावर चढतो आणि रजिस्टरमध्ये वजन पडते. रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर ऑफिसात जातो, तिथला कारकून तो ईआरपीत भरतो. धुलाई-ब्लिचिंग-रंगाईच्या प्रोसेस हाऊसला माल जातो तोही किलोवर आणि परत येतो तोही किलोवर. कटिंग नि शिलाईत हिशेब डझनांचा. पॅकिंगमध्ये कार्टनचा. परदेशी खरेदीदाराच्या पोर्टलवर दर आठवड्याला आकडा भरायचा तो नगांत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आणि ई-इन्व्हॉइसला रुपये हवेत. रुपये सोडले तरी एकाच टॉवेलची चार एककांत नोंद होते, आणि एकातून दुसऱ्यात नेमके कुठे जायचे हे प्रणालीत कुठेच लिहिलेले नाही.

त्या महिन्यात ईआरपीने दाखवले: विणाई ११,७६० किलो, ऑर्डर १०० टक्के पूर्ण. मालकांच्या धाकट्या मुलाने तसे पोर्टलवर भरले. पण तो आकडा ग्रे मालाचा होता. धुलाई-ब्लिचिंगमध्ये सुताची खळ, मेण, मळ जातो. हा कारखाना त्यासाठी ८ टक्के घट धरतो, आणि दोषी माल म्हणून ३ टक्के बाजूला काढतो. ११,७६० मधून आधी ३ टक्के गेले, उरलेल्यातून ८ टक्के गेले: सुमारे १०,४९५ किलो. ४९० ग्रॅमने भागले की २१,४१८ नग. पॅकिंगला ४४६ कार्टन भरली आणि दहा टॉवेल उरले. २,५८२ नग कमी, न्हावा शेवाला जहाजाची मुदत ठरलेली, पोर्टलवर ‘पूर्ण’ अशी नोंद. माल पुरा पडायचा तर सुरुवातीलाच सुमारे १३,१८० किलो ग्रे विणायला हवे होते.

आता यातला खरा धागा. हा घोटाळा याआधी होत नव्हता. ईआरपी येण्यापूर्वी पॅकिंगचे मुकादम दर दोन दिवसांनी विणाईत चक्कर मारून सांगत, ‘अजून दीड टन लागंल बघा.’ वजनाचे नगांत रूपांतर तेच करत होते, डोक्यात. तेही एकाच ८ टक्क्यांनी नाही. पांढरा माल पूर्ण ब्लिच होतो, म्हणून त्यात घट जास्त. गडद रंगाला तेवढे ब्लिचिंग लागत नाही, वर रंगाचे वजन चढते, म्हणून घट कमी. कोणत्या गिरणीच्या सुताला किती खळ, हेही त्यांना माहीत. प्रणाली आल्यावर ‘आता सगळं स्क्रीनवर दिसतं’ म्हणून त्यांची चक्कर बंद झाली. ती चक्कर हीच माहिती-प्रणालीचा एक भाग होती, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

आमच्या मते मॅडमची कारकीर्द या निरीक्षणावर उभी राहू शकते. हा प्रश्न सोलापूरपुरता नाही. पुरवठादाराच्या आतली माहिती एका घाटाची आणि दूरच्या खरेदीदाराला हवी दुसऱ्या घाटाची, मधले रूपांतर कोण करतो, त्याची किंमत कोण मोजतो, हा आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाचा आणि माहिती-प्रणालीचा समाईक प्रश्न आहे. सिद्धान्ताची बाजूही तयार आहे. स्टार आणि ग्रीझमर यांनी १९८९ मध्ये ‘सीमावस्तू’ ही संकल्पना मांडली: वेगवेगळे गट एकच वस्तू आपापल्या अर्थाने वापरतात आणि तरी काम जुळते. वाँडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९० च्या दशकापासून दाखवून दिले की तंत्रज्ञानाचा खरा आकार रोजच्या वापरात घडतो. मुकादमांची चक्कर या दोन्हींशी बोलू शकते, आणि त्यांना दुरुस्तही करू शकते.

विषयाचे जग कसे चालते

थोडक्यात सांगायचे तर माहिती-प्रणाली हा विषय तरुण आहे. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस याची पीएच.डी. सुरू केली. तिथूनच १९७७ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे नियतकालिक निघाले. आयसीआयएस ही मुख्य परिषद १९८० पासून भरते, आणि असोसिएशन फॉर इन्फर्मेशन सिस्टिम्स ही संघटना १९९४ ची. ज्येष्ठ अभ्यासकांनी ठरवलेल्या अग्रगण्य नियतकालिकांच्या यादीत आधी आठ नावे होती, २०२३ मध्ये ती अकरा झाली. नेमणुका आणि बढत्या देताना परदेशी विद्यापीठे ही यादी, ऑस्ट्रेलियातल्या एबीडीसी या संस्थेने नियतकालिकांना दिलेली श्रेणी किंवा फायनान्शियल टाइम्सची पन्नास नियतकालिकांची यादी पाहतात. २०२३ ची आयसीआयएस हैदराबादला झाली, सोलापूरहून रेल्वेने काही तासांवर.

जिल्हा पातळीवरचा अभ्यास तिथे चालतो का? चालतो. जेफ वॉल्शॅम आणि सुनदीप सहाय यांचा भारतातल्या जिल्हा प्रशासनात भौगोलिक माहिती-प्रणाली का रुजली नाही, यावरचा लेख १९९९ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’त आला. नकाशा पाहून निर्णय घेण्याची सवय प्रशासनात नव्हती आणि खात्यांनी आपसांत समन्वय साधण्याचीही नव्हती, हे त्यांनी दीर्घ क्षेत्रकार्यातून दाखवले. हा लेख मॅडमनी पाठ होईपर्यंत वाचावा, विशेषतः पद्धतीचा भाग.

आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाकडून येणाऱ्या एका सापळ्याचा उल्लेख इथेच करायला हवा. हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ मधल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून देशांचे सांस्कृतिक गुणांक काढले. भारताचा सत्ता-अंतराचा (अधिकारातली विषमता लोक कितपत गृहीत धरतात याचा) ७७, व्यक्तिवादाचा ४८. भारतीय प्रबंधांत हे आकडे उचलून थेट प्रत्येक कामगाराला चिकटवले जातात: भारतात सत्ता-अंतर जास्त, म्हणून मुकादम मालकाला बोलला नाही. देशाचा गुणांक व्यक्तीवर लावता येत नाही, हे खुद्द हॉफस्टेडही सांगत. शिवाय या प्रकरणातले मुकादम मालकाला बोलत होतेच. त्यांचे म्हणणे जिथे ऐकले जाई ते ठिकाणच नाहीसे झाले होते.

तीन पर्याय

सरांचा पर्याय वर आलाच: प्रश्नावली दुरुस्त करून ३०० फॉर्म, वर्ष-दीड वर्षात प्रबंध. दुसरा, याच कारखान्यात सखोल प्रकरण-अभ्यास, दोन ते अडीच वर्षे, त्यातून एक परिषद-लेख आणि एक नियतकालिकातला लेख. तिसरा, सगळे सोडून अमेरिकेत किंवा युरोपात पूर्णवेळ पीएच.डी.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेत हा अभ्यासक्रम साधारण पाच वर्षांचा, शुल्कमाफी आणि विद्यावेतन असते, अर्ज डिसेंबर-जानेवारीत जातात, बहुतेक ठिकाणी जीमॅट किंवा जीआरई लागते. प्रशिक्षण उत्तम मिळते. पण मॅडमची अडीच वर्षांची नोंदणी वाया जाईल, तिसरीतला मुलगा आणि यजमानांची सोलापुरातली नोकरी यांचा विचार आहे, आणि सगळ्यात मोठे म्हणजे तो कारखाना हातचा सुटेल. परदेशाचा अनुभव हवाच असेल तर नोंदणी कायम ठेवून ६ ते ९ महिन्यांची फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप हा जास्त शहाणा मार्ग आहे.

पहिला आणि दुसरा यांत निवड करताना आधी कॅलेंडर पाहावे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत. मॅडमचे सहावे वर्ष जानेवारी २०२९ मध्ये संपते. म्हणजे हातात साडेतीन वर्षे आहेत, सवलत न वापरता. त्याच नियमांनी प्रबंध देण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा पाहून घ्यायचा. घाईने पैसे भरून तिसरा निबंध छापण्याचे कारण उरत नाही.

याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. यूजीसीने २०१९ मध्ये आणलेली मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. त्यामुळे आता भामट्या नियतकालिकांना रान मोकळे मिळू नये, ही काळजी प्रत्येकानेच घ्यायची आहे. आठवड्यात स्वीकृती, परीक्षकांचा एकही शेरा नाही, अभियांत्रिकीपासून आयुर्वेदापर्यंत सगळे विषय एकाच अंकात, मुखपृष्ठावर अनोळखी संस्थेचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’: यांतले एक लक्षण दिसले तरी मागे फिरावे. स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत असल्याचा नियतकालिकाच्या संकेतस्थळावरचा दावा खरा मानू नये, स्कोपसच्या स्रोत-यादीत नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक टाकून पाहावा, आणि नोंद अजून चालू आहे की थांबवली तेही पाहावे. नामांकित नियतकालिकाची हुबेहूब नकली साइट करून पैसे उकळणारेही आहेत. असे निबंध नावावर असले की नुसते निरुपयोगी ठरत नाहीत, पुढे परदेशी सहलेखक नाव शोधतो तेव्हा तेच आधी दिसतात. मॅडमनी आपले जुने दोन निबंध ओआरसीआयडीच्या (संशोधकाच्या ओळख-क्रमांकाच्या) नोंदीतून लपवू नयेत, पण अर्जात आणि पत्रांत त्यांच्यावर भारही देऊ नये.

वेळेचा हिशेब

दुसरा पर्याय नोकरी सांभाळून शक्य आहे का, हे तासांत मोजले तर वाद लवकर मिटतो. प्रवेश, परीक्षा, दिवाळी वगळून वर्षाचे ४० आठवडे धरले आणि आठवड्याला ८ तास काढले, तर ३२० तास होतात.

मुलाखती २४: मालक आणि त्यांचा मुलगा प्रत्येकी तीन वेळा, हिशेबनीस-कारकून मिळून तीन, जॉबर-मुकादम सहा, शिलाई-तपासणी-पॅकिंग पाच, प्रोसेस हाऊस दोन, निर्यातीची कागदपत्रे करणारे एजंट दोन. तासाभराच्या मुलाखतीचे शब्दांकन पाच तास खाते, आणि ती नीट वाचून मजकुराच्या तुकड्यांना विषयवार संकेत देण्यात तीन तास जातात. एकीला नऊ, चोवीसना २१६ तास. निरीक्षणाच्या २० भेटी, प्रत्येकी तीन तास आणि त्याच रात्री टिपणे लिहायला दोन, म्हणजे १००. एकूण ३१६. वर्ष पुरते, पण शिल्लक चारच तास आहे. लेखन दुसऱ्या वर्षी.

टिपणे त्याच रात्री, हे अक्षरशः घ्यावे. मागांच्या खडखडाटात रेकॉर्डिंग ऐकू येत नाही, म्हणून विणाईतले बोलणे सगळे वहीवरच राहते. दोन दिवस गेले की कोण काय म्हणाले यापेक्षा आपल्याला काय वाटले तेच आठवते. तेलुगूतल्या मुलाखतींसाठी त्याच कारखान्यातला दुभाषी घेऊ नये. महाविद्यालयातल्या पूर्व भागातल्या विद्यार्थिनीला मानधन देऊन, गोपनीयतेचे पत्र सही करून घेऊन सोबत न्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या (जत्रेच्या) दिवसांत भेटी ठरवू नयेत. माणसे बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात.

मालकांची अट आणि मुकादमांचा प्रश्न

मालकांनी परवानगी दिली, पण म्हणाले, ‘मॅडम, अभ्यास करा की. पण आधी आमचं ते एक्सेल तेवढं नीट करून द्या.’ ही मागणी रास्त आहे. कारखान्याने वेळ द्यायचा आणि बदल्यात काही मिळायचे नाही, असे चालत नाही. पण रूपांतराची पद्धत मॅडमनीच बसवून दिली तर त्या ज्या गोष्टीचा अभ्यास करणार तीच बदलून टाकतील. दोन मार्ग आहेत. एक, पहिले सहा महिने फक्त पाहायचे, नंतर अहवाल द्यायचा. दुसरा, सुरुवातीपासून कृती-संशोधन, म्हणजे बदल घडवत घडवत त्याचाच अभ्यास, म्हणून मांडायचे. त्याचे नियम डेव्हिसन, मार्टिन्सन्स आणि कॉक यांनी २००४ मध्ये लिहून ठेवले आहेत: लेखी करार, निदान-कृती-मूल्यमापनाचे चक्र, सिद्धान्ताचा आधार. आम्ही पहिल्याच्या बाजूने आहोत. कृती-संशोधनात काम यशस्वी करून दाखवण्याचे ओझे येते आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला ते झेपत नाही. मालकांना सहा महिन्यांनी दहा पानी अहवाल द्यावा: ऑर्डरनिहाय घट, रंगानुसार फरक, कोणत्या टप्प्यावर एकक बदलते. प्रणालीत विणाईनंतर ‘अपेक्षित तयार नग’ हा एक रकाना घाला, एवढी शिफारस पुरे.

मुकादमांचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्यांचे ज्ञान हीच कारखान्यातली त्यांची किंमत. ते कोष्टकात उतरले की ‘आता तुमची काय गरज’ असे कुणी म्हणू शकते. त्यामुळे संमतीपत्र सही घेण्यापुरते वापरू नये. मुलाखतीपूर्वी त्यांच्या भाषेत सांगावे की मालकांना अहवाल जाणार आहे, त्यात तुमचे कोणते आकडे जातील ते तुम्हाला आधी वाचून दाखवू, आणि नको असलेले काढू. शिफारस लिहितानाही तो रकाना मुकादमांनी भरायचा, असे स्पष्ट लिहावे. घटीचा टक्का ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे ठेवला तरच प्रणाली चुकायची थांबेल. पांढऱ्या आणि गडद मालाला एकच ८ टक्के लावणे चूकच आहे.

नाव लपवण्याचेही तसेच. सोलापुरात कारखानदार एकमेकांना ओळखतात. ‘अक्कलकोट रोड एमआयडीसीतला, अमुक देशाला पांढरे टॉवेल पाठवणारा’ एवढ्यावरून कारखाना ओळखू येईल. विश्लेषणाला धक्का न लागणारे तपशील, म्हणजे खरेदीदाराचा देश, मागांची संख्या, वर्ष, हे लेखात बदलावेत आणि बदलले आहेत असे लिहावे. दर आणि खरेदीदाराचे नाव मूळ टिपणांतसुद्धा सांकेतिक ठेवावे.

निर्णय आणि पुढची पावले

मॅडमनी दुसरा पर्याय घेतला. सरांना पटवताना त्यांनी पूर्वचाचणीचे फॉर्म टेबलावर मांडले, तासांचे कोष्टक दाखवले आणि प्रबंधाचा विषय तोच ठेवून पद्धत तेवढी बदलायची असे सुचवले. मथळ्यातला ‘स्वीकार’ जाऊन ‘वापर’ येईल. हा बदल संशोधन सल्लागार समितीपुढच्या सहामाही सादरीकरणात मंजूर करून घ्यायचा. सरांनी एक अट घातली: जून २०२६ पर्यंत क्षेत्रकार्य न संपल्यास जमा झालेल्या सामग्रीवरच प्रबंध लिहायचा, नव्या मुलाखती नाहीत. अट चांगली आहे. सखोल अभ्यासातली माणसे ‘अजून थोडे पाहू’ म्हणत वर्षे घालवतात.

सहलेखकासाठी एकाच वेळी वीस जणांना एकच पत्र पाठवायचे नाही. विकसनशील देशांतल्या माहिती-प्रणालींवर काम करणाऱ्या दोघांची निवड करून, त्यांचे अलीकडचे दोन-तीन लेख वाचून, दीडशे शब्दांत लिहायचे: काय दिसले, ते तुमच्या कोणत्या मांडणीला धक्का देते, तुमच्याकडून काय हवे. सोबत दोन पानांचे टिपण, त्यात २१,४१८ नगांचा तो हिशेब. बायोडेटा मागितला तर द्यायचा. होकार आल्यास पहिल्याच महिन्यात ईमेलने ठरवून घ्यावे की पहिले नाव कुणाचे, मूळ मुलाखती कुठे राहतील, आणि त्या कोण वाचू शकेल. मुलाखती सोलापुरातच राहाव्यात आणि बाहेर जावे ते नावे काढलेले भाषांतर, हा आमचा आग्रह आहे. मार्गदर्शक सरांचे नाव लेखावर यायचे तर त्यांनी विश्लेषणात किंवा लेखनात वाटा उचलावा. तसे नसेल तर ऋणनिर्देशात आदराने यावे. हे बोलणे अवघड जाते, म्हणून ते लेख तयार होण्याआधीच झालेले बरे.

आयसीआयएसला पूर्ण लेख साधारण मेच्या सुरुवातीला द्यावे लागतात आणि परिषद डिसेंबरात असते. युरोपची ईसीआयएस नोव्हेंबरात लेख घेते आणि जूनच्या सुमारास भरते. क्षेत्रकार्य जून २०२६ मध्ये संपत असल्याने पहिले लक्ष्य त्या वर्षीचा नोव्हेंबर. लेख नाकारला गेला तरी परीक्षकांचे शेरे हाती येतात. त्यांवर काम करून मग ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी फॉर डेव्हलपमेंट’ किंवा विकसनशील देशांतल्या माहिती-प्रणालींचे इलेक्ट्रॉनिक जर्नल यांच्याकडे जावे. यांचे वाचक नेमके याच प्रश्नाचे आहेत. अकरांच्या यादीतले नियतकालिक दुसऱ्या लेखासाठी ठेवावे, दुसऱ्या कारखान्याची तुलना हाती आल्यावर. दोन-तीन फेऱ्या आणि दोन वर्षे सहज जातात, म्हणून प्रबंधाची तारीख त्या स्वीकृतीवर टांगू नये. प्रबंध २०२८ च्या जूनपर्यंत जमा करायचा, म्हणजे साम्य-तपासणीत (मजकूर आधी छापलेल्या लेखनाशी किती जुळतो याच्या तपासणीत) १० टक्क्यांच्या वर काही निघाले तर दुरुस्तीला सहा महिने उरतील. स्वतःच्याच परिषद-लेखातला मजकूर प्रबंधात येतो तेव्हा हे साम्य हमखास दिसते. तो लेख कुठे छापला ते त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवायचे आणि तपासणीत तो भाग वगळण्यासाठी ग्रंथपालांना आधी सांगायचे.